बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलंय? आधी कोऑर्डिनेटर सिस्टरना गाठा

हृदयाचं ऑपरेशन ठरलं की घरात एकदम सगळे प्रश्न उभे राहतात. पैसे कुठून आणायचे, रक्त कोण देणार, चालू गोळ्या कधी बंद करायच्या, गावाकडून आलेल्यांनी राहायचं कुठे. सर्जनची भेट पाच-दहा मिनिटांची असते आणि ती ऑपरेशन समजून घेण्यातच जाते. बाकीचं कुणाला विचारायचं हे कुणी सांगत नाही.

माझ्या वडिलांची बायपास पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात झाली, आणि पुढे सासूबाईंच्या हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) मुंबईत एका सरकारी रुग्णालयात बदलला. दोन्हीकडे भरती होण्याआधीपासून घरी आल्यानंतरच्या महिन्यापर्यंत आम्हाला वाट दाखवली ती सिस्टरनी. त्यांनी शिकवलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. औषधांचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

१. हे काम कोणती सिस्टर बघते ते पहिल्याच दिवशी शोधा

रुग्णाला हॉस्पिटलच्या गुंत्यातून पुढे नेणारं एक ठरलेलं माणूस हवं, ही कल्पना डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी प्रत्यक्षात आणली. पुढे ती इतर आजारांतही गेली आणि अनेक ठिकाणी हे काम अनुभवी नर्सकडे आलं. आपल्याकडच्या मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत त्यांना ‘कार्डियाक कोऑर्डिनेटर’ म्हणतात. सर्जनच्या ओपीडीबाहेर त्यांचं टेबल असतं.

सरकारी रुग्णालयात अशी पाटी बहुधा दिसणार नाही, पण काम कुणीतरी करतच असतं. सीव्हीटीएस, म्हणजे हृदय आणि छातीच्या ऑपरेशनच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना जाऊन भेटा. ऑपरेशनची यादी, कुठली तपासणी राहिली, कुणाचा नंबर कधी लागेल, हे त्यांना तोंडपाठ असतं. दुपारी राउंड आणि औषधं आटोपल्यावर जा, सकाळच्या घाईत नको. पैसे आणि राहण्याची सोय यासाठी तिथले समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांची खोलीही सिस्टरच दाखवतील.

पहिल्या भेटीत एवढं विचारून घ्या: तुम्हाला फोन कधी केलेला चालेल? रात्री काही झालं तर कुठला नंबर? आणि ऑपरेशनची वाट बघताना घरी काय झालं तर तारखेआधीच यायचं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सरकारी यादीत नंबर लागायला वेळ जातो, आणि त्या काळात बसल्या जागी छातीत दुखलं, धाप वाढली किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर थांबायचं नसतं.

२. घरातला एकच माणूस ठरवा

आत्या, काका, जावई, सगळे काळजीपोटी वेगवेगळे फोन करतात. प्रत्येकाला थोडं-थोडं कळतं आणि घरी येऊन त्याची चार वेगळी उत्तरं होतात. सिस्टरकडे एकाच माणसाचं नाव आणि नंबर द्या. बाकीच्यांना त्याने सांगायचं. हा माणूस सगळ्यात शिकलेला असायला हवा असं नाही. शांत डोक्याचा आणि लिहून ठेवणारा हवा. दोनशे पानी वही घ्या, तारीख टाकून सगळं तिच्यात लिहा. मोबाइलमधल्या मेसेजांत गोष्टी हरवतात.

३. फाईल लावा

* अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सर्जनना सीडी बघायची असते. दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायला नेताना एक कॉपी काढून ठेवा.
* टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी, जुने डिस्चार्ज कार्ड, आधी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला असेल तर त्याचे कागद.
* चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पट्टीवर नाव आणि डोस दोन्ही असतात.
* आधार कार्ड, रेशन कार्ड, असेल तर मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसी. सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो.
* कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात.

रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हमखास इथे अडतं.

४. पैशाची सोय भरती होण्याआधी लावा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ २०२४ पासून राज्यातल्या पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही मिळतो. आयुष्मान भारतसह मिळून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि बायपास, व्हॉल्व्ह दोन्ही त्यात बसतात. ७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरतीचा फॉर्म भरण्याआधी त्याच्याकडे जा. आधी रोख पैसे भरून दाखल व्हायचं आणि मग योजना लावायची, असं करायला गेलं की फार त्रास होतो. हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, हृदयाच्या ऑपरेशनसाठी आहे का ते विचारा. योजनेत मंजुरी मिळाल्यावर कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एका दिवसात निघत नाही. गोव्यात राहणाऱ्यांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे दोन्ही आधी बघावं. लहान मुलाच्या हृदयात जन्मजात दोष असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा.

मेडिक्लेम असेल तर खोलीभाड्याची मर्यादा वाचा. मर्यादेपेक्षा भारी खोली घेतली तर फक्त भाड्याचा फरक भरावा लागेल असं वाटतं, पण बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि इतर बिलही कापलं जातं. हॉस्पिटलात मेडिक्लेमचं काम बघणाऱ्या टीपीए डेस्कवर हे स्पष्ट विचारा.

५. तपासण्या, गोळ्या आणि लपवायच्या नसलेल्या गोष्टी

रक्त, लघवी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), छातीचा एक्स-रे, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), फुप्फुसांची तपासणी, अशी यादी मिळते. व्हॉल्व्हवाल्यांना दाताच्या डॉक्टरकडेही पाठवतात, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. दातात काही निघालं तर उपचाराला दिवस जातात. ते काम आधी उरका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सिस्टरकडून तारखेसह लिहून घ्या. क्लोपिडोग्रेल साधारणपणे पाच दिवस आधी थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या किमान तीन दिवस आधी. पण शेजारच्या पेशंटची बंद केली म्हणून आपली बंद करायची नाही. नुकताच स्टेंट बसलेल्याने मनाने गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं.

आता लपवण्याबद्दल. मिश्री, तंबाखू, विडी आणि रोजची दारू, यातलं काहीही असेल तर सिस्टरना सांगा. घरातल्या मोठ्यांसमोर माणूस बोलत नाही, म्हणून सिस्टरना पेशंटशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या. विडी सुरू असेल तर ऑपरेशननंतर छातीत कफ साठतो. रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यावर अचानक तुटते, मग दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भ्रम होतो, माणूस नळ्या ओढू लागतो. आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं. काढे, गुग्गुळ, कुणी दिलेली पुडी, तेही सांगा.

६. रक्तदाते

किती बाटल्यांची सोय लागेल ते विचारा आणि रक्तदाते आधीच ठरवून ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांत तीन व बायकांत चार महिने झालेले हवेत. गावाकडून जीप भरून माणसं येतात आणि त्यातली निम्मी रक्तपेढीतून परत पाठवली जातात. निघण्याआधी फोनवरच एवढं विचारून घ्या. उपाशीपोटी कुणाला आणू नका. पैसे घेऊन रक्तदाता आणून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो गुन्हा आहे आणि रक्तही भरवशाचं नसतं.

७. आदला दिवस

छातीवरचे, पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. कातडीला बारीक चिरा पडतात आणि तिथे जंतू शिरतात. ते काम हॉस्पिटलात मशीनने करतात. नेलपॉलिश, दागिने, कवळी काढून ठेवावी लागते.

बायकांच्या बाबतीत इथे थोडं सांभाळून घ्यावं लागतं. सासूबाई मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या, घरात कुणाची बोलायची हिंमत नव्हती. सिस्टर पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या, म्हणाल्या, “आजी, हे सूनबाईंकडे राहू दे. आयसीयूतून बाहेर आलात की त्याच तुमच्या गळ्यात घालतील, मी इथेच असेन.” सासूबाईंनी स्वतः काढून माझ्या हातात दिलं. घट्ट बसलेल्या हिरव्या बांगड्या मात्र घरीच साबण लावून काढून आणा, ऐन वेळी कापाव्या लागतात.

श्वासाचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. स्पायरोमीटर म्हणजे तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. बहुतेक सगळे ते फुंकतात. वडीलही गाल फुगवून फुंकत होते आणि गोळ्या तळाशीच. सिस्टरनी नळी काढून घेतली: “काका, फुंकर नाही. स्ट्रॉने उसाचा रस ओढता ना, तसं. सावकाश.” पहिली गोळी वर चढली, मग दुसरी अर्ध्यावर येऊन लटपटली. “आता धरून ठेवा, तीनपर्यंत मोजा.” छाती दुखत असताना हे नव्याने शिकणं फार अवघड जातं.

८. ऑपरेशनचा दिवस आणि आयसीयू

ऑपरेशन साधारण चार ते सहा तास चालतं, पण आत नेणं, भूल, आणि नंतर आयसीयूत स्थिर करणं धरून बाहेर बसलेल्यांचा अख्खा दिवस जातो. उशीर झाला म्हणजे काही बिघडलं असं नाही. सिस्टरना आधीच विचारा की मधे कुणी निरोप देतं का आणि किती वाजता. एकाने खाऊन यायचं, एकाने थांबायचं, फोन चार्ज ठेवायचा.

पहिल्यांदा आत जाल तेव्हा मनाची तयारी ठेवा. चेहरा सुजलेला असतो, तोंडात श्वासाची नळी असते त्यामुळे बोलता येत नाही, छातीतून नळ्या निघून खाली डबीत लालसर पाणी जमत असतं, मानेत सुई, हात कधीकधी मऊ पट्टीने बांधलेले. हे सगळं ठरलेलं आहे. यंत्रं सारखी वाजतात. सिस्टर शांत असतील तर तुम्हीही शांत राहा. नळी बहुतेकांची काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघते. पेशंटच्या समोर रडू नका. हात धरा, नाव घेऊन बोला, ऑपरेशन झालं, आज अमुक वार आहे, घरी सगळे बरे आहेत, एवढं सांगा.

‘कसे आहेत?’ एवढंच विचारलं तर ‘ठीक आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा: श्वासाची नळी निघाली का? बीपी टिकवायला दिलेल्या औषधांचा डोस कमी होतोय का? नळीतून रक्त किती आलं? लघवी नीट होतेय का? हे विचारलं की सिस्टरही मोकळेपणाने सांगतात, आणि सर्जन राउंडला आल्यावर तुम्हाला पुढचं विचारता येतं.

वयस्कर पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमात जातात. भलतंच बोलतात, मुलांना ओळखत नाहीत, सिस्टर मला मारायला आल्या म्हणतात. घरचे हादरतात. बहुतेकांत हे काही दिवसांत निवळतं. चष्मा आणि कानाचं यंत्र आयसीयूत पोचवा. नीट दिसलं-ऐकू आलं की माणूस लवकर भानावर येतो. याच दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा प्रकारही बऱ्याच जणांत होतो, त्यावर उपचार आहेत.

९. वॉर्डातले दिवस

छातीचं हाड मधून कापून तारेने बांधलेलं असतं. त्यामुळे पेशंटला काखेत हात घालून किंवा दंड धरून कधीही ओढू नका. हातांवर भार देऊन उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, आणि आपण पाठीला आधार द्यायचा. सिस्टरकडून हे एकदा करून घ्या आणि मग त्यांच्यासमोर तुम्ही करून दाखवा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. दुखेल म्हणून खोकला दाबला तर कफ साठून न्यूमोनिया होतो. म्हणूनच दुखण्याची गोळी वेळेवर मागून घ्या. सहन करण्यात इथे काही फायदा नाही.

बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर त्या पायाला सूज येते. बसताना पाय स्टुलावर उंच. भूक मरते, चव जाते. घरचं पातळ वरण, मऊ भात चालेल का ते आहारतज्ज्ञांना विचारून द्या.

१०. डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

सगळ्यांना घरी जायची ओढ असते आणि चुका इथेच होतात. बिलाच्या रांगेत एकाने थांबा, दुसऱ्याने सिस्टरजवळ बसून औषधं समजून घ्या. सासूबाईंना वाचता येत नाही. सिस्टरनी कागदावर सकाळच्या गोळ्यांपुढे सूर्य, दुपारच्यापुढे ताट आणि रात्रीच्या गोळ्यांपुढे चंद्र काढला, शेजारी प्रत्येक गोळीची पट्टी चिकटवली. तो कागद आमच्या फ्रिजवर कितीतरी दिवस होता, आणि सासूबाई कुणाला न विचारता गोळ्या घेत होत्या. तुम्हीही असा कागद मागून करून घ्या.

घरात आधीपासून असलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते एकेक नाव घेऊन विचारा. जुनी इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, सुरूच राहते आणि नव्या कॅप्सूलमध्येही अ‍ॅस्पिरिन असतं, मग डोस दुप्पट होतो. कंपनी वेगळी, नाव वेगळं, औषध तेच, हा प्रकार सर्रास घडतो.

निघताना हातात हवं: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील, ऑपरेशननंतरचा एको, सीडी परत, टाके काढायची आणि पुढच्या भेटीची तारीख, व्हॉल्व्ह असेल तर त्याचं कार्ड, आणि सिस्टरचा नंबर.

११. घरी पहिले दोन-तीन महिने

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं, त्याच दिवशी सिस्टरना कळवा. तसंच ताप, जखमेतून पू किंवा पाणी, छातीचं हाड कटकट वाजणं, काळी शौच, पोटरी दुखून सुजणं, यासाठीही भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका. छातीत दाबल्यासारखं दुखलं, एकदम दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर आधी १०८ ला फोन, मग सिस्टरना.

जखमेवर हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड उचलायचं नाही. स्कूटर आणि कार साधारण सहा आठवडे तरी नको, आणि सुरू करायची ती डॉक्टरांना विचारूनच. भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती डिस्चार्जच्या आधी घरी आणून ठेवा. चालणं मात्र रोज, थोडं-थोडं वाढवत. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ मोजा. भेटायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस फोनवरच समजावा.

कणखर माणसंही या काळात उगाच रडतात, चिडतात, झोपत नाहीत. ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं. दोन-तीन आठवडे होऊनही उतरलं नाही तर सिस्टरना सांगा, त्यावर उपचार होतात. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो, तोही प्रश्न त्यांना रोजचा आहे. बिनधास्त विचारा.

१२. धातूचा व्हॉल्व्ह बसवला असेल तर

रक्त पातळ करणारी गोळी, एसिट्रोम किंवा वॉर्फरिन, आता जन्मभर. ती ठरल्या वेळी घ्यायची आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, तपासत राहायचं. तुमचा आयएनआर कितीपासून कितीपर्यंत हवा तो आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कारण व्हॉल्व्ह कुठला आणि कुठे बसवला यावर तो बदलतो. पालक, मेथी, कोथिंबीर सोडायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नका. दुकानातून मनाने दुखण्याची गोळी आणायची नाही. तिने रक्तस्राव होऊ शकतो.

तरुण मुलींचे व्हॉल्व्ह बऱ्याचदा वाताच्या तापामुळे (रुमॅटिक फिव्हर) खराब होतात, आणि या गोळ्यांचा पोटातल्या बाळावर परिणाम होतो. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटा. हे लग्नाच्या वेळी सासरीही स्पष्ट सांगितलेलं बरं. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, म्हणून दाताच्या डॉक्टरांना व्हॉल्व्हचं कार्ड आधी दाखवा. कार्डाची एक झेरॉक्स पाकिटात, एक घरातल्या त्या ठरलेल्या माणसाकडे.